माझ्या नावातली वेलांटी

माझ्या नावातल्या पहिल्या अक्षराला दुसरी वेलांटी आहे. गोष्ट एवढीशीच. पण बोईसरच्या बाजारात आईशेजारी मासळीची पाटी मांडून बसायचं सोडून मी जन्मभर ब्रश धरून बसले, त्याला ती वेलांटीच कारण आहे असं मला खरंच वाटतं. माझ्या थोरल्या बहिणीचं नाव तीन सरळ अक्षरांचं आहे. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. तिच्या नावात कधी कुणी चूक केली नाही, आणि तीही आपल्या वाटेने सरळ गेली. आज ती आईच्याच जागेवर बसून पापलेट विकते आणि माझ्यापेक्षा निवांत झोपते.

इथे मी कुणाचंच नाव लिहीत नाहीये. गाव लहान आहे आणि यातली बरीच माणसं अजून मला भेटतात.

मी सहावीत होते त्या वर्षी बाबांनी स्वतःची बोट बांधली. तोवर ते काकांच्या बोटीवर जात. आमचं गाव तारापूरच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. गावात बोटीला एकतर देवीचं नाव, नाहीतर घरातल्या मुलीचं. भटजींनी कागदावर काहीतरी मांडून एक अक्षर काढून दिलं आणि घरात त्या अक्षराचं नाव फक्त माझं होतं. म्हणजे लाडकी म्हणून नव्हे, अक्षर जुळलं म्हणून बोटीला माझं नाव मिळालं. तरी मी आठवडाभर हवेत होते.

नाव लिहायला बोईसरहून पेंटर आले. आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींची नावं तेच लिहायचे. सायकलच्या दोन्ही बाजूंना रंगाचे डबे, कानावर खडू, आणि कुणी काही विचारलं तर अर्ध्या वाक्यात उत्तर. मी शाळेतून आले तोवर नाव लिहून झालं होतं. निळ्या फळ्यांवर पिवळी अक्षरं आणि त्यांना लाल सावली. अशी देखणी अक्षरं मी शाळेच्या फळ्यावरही पाहिली नव्हती. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले आणि मग मला वेलांटी दिसली. पहिली काढली होती.

"काका, हे चुकलंय," मी म्हटलं. "दुसरी वेलांटी पाहिजे."

बोटीभोवती दहा-बारा माणसं होती, ती हसली. बाबा म्हणाले, "आता बोटीला काय पहिली आणि काय दुसरी! समुद्राला वाचता येतं काय?"

पेंटरांनी खिशातून चिठ्ठी काढली. नाव कसं लिहायचं ते माझ्या काकांनी त्यांना लिहून दिलं होतं. चिठ्ठीत वेलांटी दुसरीच होती. मी ती त्यांना दाखवली. ते चिठ्ठीकडे बघत राहिले, मग बोटीकडे बघितलं आणि म्हणाले, "हीच तर काढली हाय. पलीकडं बोल्ट हाय ना, म्हणून जरा अलीकडं घेतली."

खरंच अक्षराच्या उजव्या बाजूला लोखंडी बोल्टचं डोकं होतं. सगळ्यांना ते उत्तर पटलं. मला ते विचित्र वाटलं, पण काय विचित्र होतं ते सांगता आलं नाही.

वर्षभर बोट तशीच समुद्रात जात-येत राहिली. शाळेत मुलांनी माझं नाव 'आखूड' ठेवलं, कारण गुरुजी पहिल्या वेलांटीला आखूड वेलांटी म्हणायचे. पाच-सहा वर्गांतली मुलं मला 'ए आखूड' म्हणून हाक मारायची. मी उंचीनेही लहानच होते, त्यामुळे ते चिकटलं.

पुढच्या पावसाळ्यात बोटी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या. एका दुपारी किनाऱ्यावर कुणी नव्हतं. मी बाबांचा जुना दाढीचा ब्रश घेतला, त्याचे केस कात्रीने तिरके कापले, आणि बोट रंगवून उरलेले निळ्या-पिवळ्या रंगाचे दोन डबे घेऊन ताडपत्रीखाली शिरले. आधी निळ्या रंगाने आखूड वेलांटी पुसली. रंग जरा सुकायची वाट बघत दोन-तीन तास तिथेच बसले. मग उजव्या बाजूला, बोल्टला वळसा घालून, पिवळी वेलांटी काढली. ती पेंटरांच्या अक्षरांपुढे ओल्या बोंबलासारखी लुळी दिसत होती. पण दुसरी होती.

संध्याकाळी बाबांनी ती बघितली. "कुणाला विचारून केलंस?"

मी पिवळी झालेली बोटं पाठीमागे लपवली.

काकी म्हणाली, बोटीचं नाव एकदा पूजा करून ठेवलं की त्याला हात लावायचा नसतो. बाबांनी ताडपत्री परत ओढून बांधली. नंतर मोसम सुरू झाला आणि पहिल्याच फेरीत बोटीचा पाण्याखालचा पंखा तुटला. दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागली. काकी दारात येऊन उभी राहिली. "मी सांगितलं होतं. पोरीनं नाव बदललं."

बाबा अंगणात जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बदललं नाय. आता कुठं बरोबर झालं. मागल्या साली चुकीच्या नावानं काय मोठं सोनं लागलं होतं?"

हे त्यांनी माझ्या बाजूने बोललेलं पहिलं वाक्य. निदान मला आठवणारं पहिलं.

त्या वर्षी पेंटरांना आमच्या बोटीचं काम नव्हतं, पण शेजारच्या बोटीचं होतं. लोकांनी त्यांना चिडवायला सुरुवात केली. पेंटर, तुमची चूक सातवीतल्या पोरीनं सुधारली, वगैरे. मी लपायला जागा शोधत होते. ते सरळ आमच्या बोटीपाशी गेले आणि माझ्या वेलांटीवरून अंगठा फिरवला.

"ब्रश कुठला?"

"दाढीचा."

"म्हणून केस सुटलेत." मग त्यांनी इकडे-तिकडे बघितलं. माणसं पांगली होती. खालच्या आवाजात म्हणाले, "बाय, एक सांगतो, पण तुझ्यापाशी ठेव. मला वाचता येत नाय. चिठ्ठीत जसं चित्र असतं तसं मी काढतो. अलीकडं आणि पलीकडं यात फरक असतो ते मला कुणी सांगितलंच नाय."

इतकी सुंदर अक्षरं काढणाऱ्या माणसाला अक्षर येत नाही, हे डोक्यात बसायलाच मला कितीतरी दिवस लागले. लहानपणी ते वीटभट्टीवर होते, शाळेत गेलेच नाहीत. पुढे पालघरला एका पेंटरकडे डबे धुवायला राहिले आणि बघून बघून शिकले, हे त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं.

तेव्हापासून दर वर्षी मोसमाआधी ते आमच्या घरी चहाला थांबायचे. चहा घेताना चिठ्ठ्या माझ्याकडे सरकवायचे. मी चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला नावं मोठ्या अक्षरांत लिहून द्यायची आणि सांगायची, "ही वेलांटी इथून हलवायची नाही. हे टिंब वरच पाहिजे. इथे जागा सोडलीत तर दोन शब्द होतील." ते मान हलवायचे आणि सगळं लक्षात ठेवायचे. एकदा सांगितलेलं ते कधी चुकले नाहीत. बदल्यात मला ब्रश धरायला शिकवायचे. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवा हात टेकवायचा, श्वास सोडताना रेघ ओढायची. आईला वाटायचं, पेंटरला आमचा चहा आवडतो.

दहावी झाल्यावर प्रश्न आला. थोरली बहीण आईबरोबर बाजारात बसतच होती. मीही बसणार, असं घरात सगळ्यांनी धरलेलं होतं. मी म्हटलं, मला पेंटरकाकांकडे काम शिकायचंय. आई म्हणाली, बायामाणसं शिडीवर चढत नाहीत. बाबा म्हणाले, "तिथं काय शिकायचं? तो काय शाळा चालवतो?" आणि विषय संपला.

मी हे पेंटरांना सांगितलं. आठ दिवसांनी सकाळी ते आमच्या अंगणात उभे. स्वच्छ शर्ट घातला होता, रंगाचा एकही डाग नसलेला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी खाट पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"पोरीला माझ्याकडं पाठवा," ते म्हणाले.

"कशाला? तुमाला माणसं कमी हायत काय?"

"माणसं हायत. वाचणारं कोणी नाय." त्यांचा हात कानावरच्या खडूकडे गेला, तो तिथे नव्हता. "मला वाचता येत नाय. तुमच्या पोरीला माहीत हाय. चार सालं झाली, चिठ्ठ्या तीच बघून देते."

बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. "पंधरा सालं आमच्या बोटींची नावं तुमी लिहिता!"

"लिहितो कुठं? काढतो."

अंगणात काका होते, काकी होती, शेजारचे दोघे होते. जी गोष्ट त्यांनी आयुष्यभर लपवली ती एवढ्या लोकांसमोर सांगितली आणि मान खाली घालून उभे राहिले. आई आतून पाणी घेऊन आली. बाबांनी तांब्या तिच्या हातून घेऊन पेंटरांना दिला. मग म्हणाले, "शिडीवर चढवू नका तिला."

"नाय चढवत," पेंटर म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला शिडीवर चढवलं.

ते बोईसरला स्टेशनच्या बाजूला एका पत्र्याच्या खोलीत काम करायचे. आधी दुकानांचे बोर्ड आणि शटर. मग हळूहळू तारापूरच्या कारखान्यांची कामं मिळू लागली. तिथे नावं नव्हती, सूचना होत्या. आम्ल. ज्वलनशील. विनापरवाना आत येऊ नये. मराठीत, हिंदीत, कधी गुजरातीतही. शब्द मी कागदावर उतरवायची, खडूने आखणी करायची, आणि अक्षरं दोघं मिळून भरायचो.

कुंभवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात आम्ही ॲसिडच्या टाक्यांवर लिहीत होतो तेव्हाची गोष्ट. साहेबांनी तीन ओळींची सूचना दिली होती. पेंटरांनी मला विचारलं, यात काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. ते टाकीभोवती एक फेरी मारून आले आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, खाली हात काढूया. हातावर थेंब पडतोय आणि हात जळतोय असा."

"कशाला? लिहिलंय ना सगळं?"

"लिहिलेलं सगळ्यांना दिसतं साहेब. वाचता येतंच असं नाय."

साहेब म्हणाले, इथले सगळे कामगार शिकलेले आहेत. तेवढ्यात पलीकडून पिंप ढकलत नेणारा एक कामगार थांबला. उत्तरेकडून नुकताच आलेला असावा. त्याने हिंदीत विचारलं, "इसमें क्या है चाचा? पानी?" पेंटरांनी साहेबांकडे बघितलंही नाही. साहेबच म्हणाले, "काढा हात." नंतर त्या कारखान्यात प्रत्येक टाकीवर आणि प्रत्येक नळावर आम्ही चित्र काढलं, आणि दुसऱ्या कारखान्यांनीही ते बघून आम्हाला बोलावलं. चित्रं मी काढायची. जळणारा हात चांगला जमायला मला पंधरा दिवस लागले. सुरुवातीचे हात रबरी मोज्यासारखे दिसायचे.

मी त्यांना अनेकदा म्हटलं, काका, मी शिकवते, महिन्याभरात वाचायला लागाल. ते टाळायचे. मला वाटायचं लाज वाटते. शेवटी एकदा चिडून म्हणाले, "तू बोर्ड बघतेस तेव्हा काय बघतेस? दुकानाचं नाव. अक्षर बघतेस काय? नाय. वाचता आलं की माणूस अक्षर बघायचं सोडतो. मला नको." मी पुष्कळदा एखाद्या अक्षराकडे ते न वाचता बघायचा प्रयत्न करते, आणि मला जमत नाही.

लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आमच्यात सुनेचं नाव बदलतात. तांदळात अंगठीने नवीन नाव लिहायचं. मी सहसा कुणाला उलटून बोलत नाही, पण तेव्हा बोलले. म्हटलं, माझं नाव एका बोटीवर आहे, आणि अर्ध्या बोईसरला ते बोर्डाच्या कामासाठी माहीत आहे, ते बदलता येणार नाही. दोन्ही घरांत दोन दिवस तोच वाद चालला. मग होणाऱ्या नवऱ्यानेच आपल्या आईला सांगितलं की मी तेच नाव लिहिणार. ताटातल्या तांदळात त्याने अंगठी फिरवली तेव्हा सगळ्या बायका माझं तोंड बघत होत्या आणि मी त्याची वेलांटी बघत होते. बरोबर होती. सासूबाई पुढे माझ्या कामाचं कौतुक करायला लागल्या, इतकं की नातेवाइकांच्या दारावरच्या पाट्या मला फुकट लिहून द्याव्या लागल्या.

आमच्या कामाचा सगळ्यात मोठा बहर आला तो जिल्हा बदलला तेव्हा. पालघर वेगळा जिल्हा झाला आणि शाळा, ग्रामपंचायती, सोसायट्या, दवाखाने, सगळीकडच्या बोर्डांवरचं 'जि. ठाणे' पुसून 'जि. पालघर' लिहायचं होतं. वैतरण्यापासून वाणगावपर्यंत आम्ही गावोगाव फिरलो. पेंटरांना तोवर एका डोळ्याने कमी दिसत होतं, पण 'पालघर' हा शब्द त्यांचा हात न बघता काढायचा. एका शाळेत बाई कौतुकाने म्हणाल्या, किती वळणदार अक्षर आहे, काका किती शिकलेत? ते म्हणाले, "हिला विचारा." मी म्हटलं, भरपूर.

मग फ्लेक्स गावोगावही पोचले. आधी दुकानांचे बोर्ड गेले, मग शाळांचे. बोटींवरही आता बरेच जण रेडियमची तयार अक्षरं चिकटवतात. बाबांचे गुडघे गेले आणि माझा धाकटा भाऊ कारखान्यात लागला, तेव्हा बोट विकली. खाडीपलीकडच्या एका घराने ती घेतली आणि तिला आपल्या देवीचं नाव दिलं. बाबांनी मला ते फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, देवीचं नाव चांगलं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, आणि नवऱ्याने विचारलं तर मी त्याला कांदा चिरत होते असं सांगितलं. चिरत नव्हते.

मला कारखान्यांनी तारलं. पाइपांवर, टाक्यांवर, गोल पिंपांवर फ्लेक्स चिकटत नाही, तिथे अजून ब्रश लागतो. खांदा दुखतो, टर्पेंटाइनच्या वासाने डोकं चढतं, पण काम आहे. माझ्याकडे आता दोन मुली काम करतात. बहीण म्हणते, तू मासळी विकली असतीस तर निदान आपल्या वासाची असतीस. आम्ही दोघी यावर खूप हसतो. कधीकधी मला वाटतं, ती म्हणते त्यात खोटं काही नाही. नावं उलटसुलट असती, तिचं मला आणि माझं तिला मिळालं असतं, तर ती शिडीवर असती आणि मी बाजारात. की तिने आखूड वेलांटी तशीच राहू दिली असती? तिला विचारलं तर ती म्हणाली, "मी बघितलीच नसती."

पेंटर आता वाणगावला मुलीकडे असतात. तिथे मिरचीच्या मळ्याच्या कडेला घर आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी हात थरथरतात, त्यामुळे ब्रश सुटला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. गेल्या वेळी गेले तेव्हा ते पडवीत बसून मिरच्यांचे देठ काढत होते. मीही समोर बसले आणि देठ काढू लागले. सध्या काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एका कारखान्याच्या फाटकावर 'सुरक्षा' लिहायला घेतलंय, चार फूट उंचीची अक्षरं.

"चार फूट," ते म्हणाले. मग हवेत बोटाने काहीतरी काढलं. "त्यात ते गाठीचं अक्षर येतं ना, शेवटचं? त्याच्या पोटात हवा, मोकळी जागा, ठेवलीस काय?"

"ठेवली," मी म्हटलं.

"किती?"

"फुटामागे एवढी," म्हणत मी मिरचीचा देठ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला, आणि अर्धा मोडून मला परत दिला. "एवढी पुरे," म्हणाले. "जास्त ठेवलीस तर लांबून ढिलं दिसेल."

मग त्यांची मुलगी चहा घेऊन आली, आणि आम्ही गाडीच्या वेळेपर्यंत मिरच्यांचं काम संपवलं.